कोपरखैरणे, तळमजल्याची अभ्यासिका: काँक्रीटमधल्या ओलीच्या नोंदी

५ सप्टेंबर २०२४, गुरुवार

पहिली साईट व्हिजिट. सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल, साधारण ९०० चौरस फूट. स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी इथे अभ्यासिका करायची आहे. फरशीचं काम माझ्याकडे. खुर्च्या सरकवल्याचा आवाज नको म्हणून व्हायनल (प्लास्टिकचं आच्छादन), रोलमधलं, पूर्ण चिकटवायचं, आणि त्यासाठी खालचं काँक्रीट आतूनही कोरडं हवं. जुनी मोझॅक लादी मे महिन्यात उखडली आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तीन इंची नवं काँक्रीट पडलं. उद्घाटन दसऱ्याला, १२ ऑक्टोबर. पत्रिका छापायला गेलीसुद्धा.

सेक्रेटरींनी चप्पल काढून तळपायाने चाचपून दाखवलं. "मॅडम, महिना होऊन गेला. अठ्ठावीस दिवस म्हणतात ना? खडखडीत वाळलंय."

अठ्ठावीस दिवसांचं हे भूत प्रत्येक साईटवर भेटतं. तो हिशोब ताकदीचा. त्या दिवशी क्यूब फोडून काँक्रीट किती भार घेतं ते बघतात, वाळण्याशी त्याचा काही संबंध नाही.

मिस्त्रीला विचारून पाण्याचा हिशोब मांडला. माल १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी), सिमेंट चाळीस गोण्या. गोणीला २७-२८ लिटर पाणी, हे मिस्त्री सांगतो ते; फळी मारायला सोपं जावं म्हणून थोडं जास्तच गेलं असणार. म्हणजे अकराशे लिटर तरी. त्यातलं सिमेंटशी संयोग होऊन कायमचं बांधलं जातं ते सिमेंटच्या वजनाच्या पाव, साधारण पाचशे लिटर. उरलेल्या सहाशेतलं थोडं बारीक छिद्रांत धरून राहतं, बाकीच्याला वरूनच बाहेर पडायचं आहे. शिवाय आळी बांधून दहा दिवस पाणी भरून ठेवलं होतं. ते योग्यच केलं, मिश्र सिमेंटला आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक कमीत कमी दहा दिवस सांगतंच. पण मग वाळायला सुरुवात झाली ती ऑगस्टच्या मध्याला. आणि ऑगस्टात नवी मुंबईत टॉवेल वाळत नाही.

ब्रिटिश मानकातला ढोबळ ठोकताळा असा: पहिल्या ५० मिलीमीटरला रोज एक मिलीमीटर, त्यापुढे आणखी सावकाश, तेही हवा कोरडी असेल तर. आपल्या ७५ मिलीमीटरला तीन महिने तरी धरावेत. दसरा पाच आठवड्यांवर आहे. आज काही बोलले नाही. आधी आकडे हातात येऊ देत.

६ सप्टेंबर, शुक्रवार

संध्याकाळी जाऊन चार ठिकाणी पारदर्शक प्लास्टिकचे चौकोन चिकटवले, अठरा इंच बाय अठरा इंच, चारी कडांना टेप. निदान सोळा तास ठेवायचे असतात. उद्या गणपती, त्यामुळे सोमवारपर्यंत राहतील. सोसायटीचा गणपती दरवर्षी याच हॉलमध्ये बसतो, यंदा कामामुळे बाहेर मांडवात. त्याचा राग थोडा माझ्यावरही आहे असं दिसलं, वास्तविक मी कालच आले.

९ सप्टेंबर, सोमवार

घरचा दीड दिवसाचा काल विसर्जित. आज चौकोन पाहिले.

मधले दोन धुरकट. मागच्या भिंतीजवळच्या चौकोनाखाली चक्क थेंब, बोटाने ओघळले, आणि खालचं काँक्रीट काळपट. दाराजवळचा मात्र एकदम कोरडा. सेक्रेटरी त्या कोरड्यापाशीच जाऊन उभे राहिले. बाकीचं हवेतलं दमट आहे म्हणाले. हवेतलं असतं तर थेंब प्लास्टिकच्या वर दिसले असते, खाली नाही.

पण त्यांच्या कोरड्या चौकोनावर माझाही भरवसा नाही. या चाचणीने 'ओल आहे' म्हटलं तर खरं मानावं, 'नाही' म्हटलं तर मानू नये. वरचा पाव इंच कोरडा असला आणि खाली पाणी असलं, तर दोन दिवसांत प्लास्टिकला ते कळतच नाही.

हे मी शिकले ते २०१६ साली, घोडबंदर रोडला, तळमजल्यावरच्या एका दवाखान्यात. तेव्हा फक्त वरून टेकवायचा मीटर फिरवला, आकडा छान आला, व्हायनल टाकलं. पाचव्या महिन्यात फुगे. एक पट्टा उचलला तर खालचा ग्लू ताकासारखा झालेला आणि आंबूस वास. काँक्रीट वरून कोरडं होतं, आत ओलं. वर व्हायनलचं झाकण बसल्यावर आतली ओल सगळ्या जाडीत सारखी पसरली आणि ग्लूपर्यंत आली. सगळं स्वखर्चाने काढून पुन्हा केलं. त्या वर्षी दिवाळीला घरात नवीन काही आलं नाही.

तो मीटर आजही वापरते, पण फक्त नकाशा काढायला. खडूने चौकटी आखून सगळीकडे टेकवला. मागची भिंत सगळ्यात जास्त, दाराकडे कमी. भोकं कुठे मारायची ते ठरलं.

जाता जाता काँक्रीटच्या ठेकेदाराला फोन केला: खाली प्लास्टिक अंथरलं होतं का? "टाकलं असेल." टाकलं असेल म्हणजे काय ते कळायला वॉचमनचा मोबाईल कामी आला. त्याने काम चालू असताना फोटो काढले होते. फोटोत जुना पीसीसी (जमिनीवरचं साधं काँक्रीट), त्यावर लादीखालच्या मसाल्याचे उरलेले तुकडे, कोपऱ्यात घमेलं. काळं प्लास्टिक कुठेच नाही.

ही बाब वाळण्याच्या प्रश्नाहून मोठी आहे. हा सगळा भाग खाडीकाठचा, भराव टाकून उचललेला. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी फार खोल नसतं. खाली अडसर नसेल तर आपलं काँक्रीट वरून वाळत राहील आणि खालून वाफ पीत राहील.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज काँक्रीटच्या आतली आर्द्रता मोजायला भोकं. अमेरिकन मानकात, एएसटीएम एफ २१७० मध्ये, पहिल्या हजार चौरस फुटांना तीन भोकं सांगितली आहेत. मी चार मारली: १ मध्यभागी, २ दाराजवळ, ३ मागच्या भिंतीपासून तीन फुटांवर, ४ खिडकीखाली.

खोली किती घ्यायची याला कारण आहे. काँक्रीट एकाच बाजूने वाळत असेल तर जाडीच्या ४० टक्के, दोन्ही बाजूंनी वाळत असेल तर २० टक्के. झाकण बसल्यावर ओल सारखी होऊन जो आकडा येईल, त्याच्या जवळचा आकडा आज या खोलीवर मिळतो. आपल्याकडे ७५ च्या ४० टक्के म्हणजे ३० मिलीमीटर. ड्रिलच्या बिटला ३० वर टेप गुंडाळली.

पोरगा नवीन होता, भोक मारून फुंकर घालायला वाकला, थांबवलं. फुंकरीत ओल असते आणि धूळ डोळ्यांत जाते ती वेगळीच. ब्रश फिरवून व्हॅक्यूमने ओढलं, प्लास्टिकची नळी ठोकली, टोपण लावलं. भोक मारताना काँक्रीट तापतं, आतली हवा ढवळते. ती स्थिरावल्याशिवाय वाचायचं नाही. पूर्वी ७२ तास थांबायचं, २०१८ च्या आवृत्तीपासून २४ तासांवर चालतं.

पीएच पण घेतला. डिस्टिल्ड वॉटरचे थेंब टाकून मिनिटभर थांबून पट्टी लावली. ११ ते १२. ग्लूच्या डब्यावर मर्यादा १०. ओल वर येताना हा क्षार बरोबर आणते आणि ग्लू कुजवण्यात त्याचा वाटा मोठा.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

प्रोब, म्हणजे भोकातल्या हवेची आर्द्रता टक्क्यांत मोजणाऱ्या कांड्या, घालण्याआधी घरी मिठाच्या बरणीत तपासले. साधं मीठ पाण्याने चिखलाएवढं ओलं करून बंद बरणीत ठेवलं की वरच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. प्रोबनी ७४, ७५, ७५, ७६ दाखवलं. ठीक.

साईटवर: हॉलची हवा २९ अंश, ८४ टक्के.
नं. १: ९१
नं. २: ८८
नं. ३: ९७
नं. ४: ९०

आपल्या ग्लूची मर्यादा ८०. ब्रिटिश मानक व्हायनलला ७५ म्हणतं, लाकडाला ६५.

१५ सप्टेंबर, रविवार

कमिटीची मीटिंग. वीस मिनिटं मी टक्के-टक्के करत होते आणि समोर सगळे मोदक पचवल्यासारखे बसले होते. "९१ टक्के म्हणजे काँक्रीटमध्ये ९१ टक्के पाणी?" एकाने विचारलं. तसं नाही. काँक्रीटच्या छिद्रांतली हवा किती दमट आहे त्याचा हा आकडा. पटलं नाही कोणाला.

मग मिठाच्या बरणीचं सांगितलं. खजिनदार काकू एकदम म्हणाल्या, "म्हणजे पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं तसं?"

अगदी तसंच. मीठ कोरडं असतं तोवर कोरडंच असतं, पण भोवतीची हवा ७५ च्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतं. खडेमीठ तर त्याच्याही आधी, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. काकूंना म्हटलं, समजा या भोकात मिठाची चिमूट टाकली तर चारही भोकांत तिला पाणी सुटेल. जिथे मीठ कोरडं राहत नाही तिथे ग्लू राहील का?

"मग पत्रिका थांबवा," काकू सेक्रेटरींना म्हणाल्या. पत्रिका थांबली नाही, पण डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं मशिन, भाड्याने आणायला होकार मिळाला. मिस्त्रीने हॅलोजन लावायचा किंवा गॅसच्या बत्तीने भाजायचा पर्याय सुचवला. त्याने वरचा थर तेवढा तापून वाळतो, कडा उचलल्या जाऊ शकतात, खाली ओल आहे तिथेच. नको.

१८ सप्टेंबर, बुधवार

डिह्युमिडिफायर आला. पहिलं काम म्हणजे खिडक्या बंद. वॉचमन रोज सकाळी सगळ्या उघडायचा, हवा लागू दे म्हणून. भर पावसाळ्यात हॉल वाळवायला बाहेरची नव्वद टक्क्यांची हवा आत घ्यायची! त्याचा दोष नाही, माझ्या आईच्या घरी आम्हीही हेच केलं.

मशिनची बादली भरली की बाहेर ओत, असं त्याला सांगितलं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

चोवीस तासांत बादलीत अठरा लिटर. हे सगळं काँक्रीटमधलं नाही, आधी हॉलची हवा आणि भिंती कोरड्या होणार. पण सेक्रेटरी बादलीकडे बघत राहिले. आकड्यांनी झालं नाही ते बादलीने झालं.

२६ सप्टेंबर, गुरुवार

काल संध्याकाळी धो धो पाऊस. ठाण्याहून यायला आज सकाळीही अडीच तास.

हवा: ५८ टक्के, मशिन छान चाललंय.
नं. १: ८८
नं. २: ८५
नं. ३: ९८
नं. ४: ८७

तीन उतरले, तिसरा एकाने चढला. एका टक्क्याचा फरक प्रोबचाही असू शकतो, म्हणून दुसरा प्रोब घालून पुन्हा वाचला. तरी ९८. बांधकामाचं पाणी असतं तर बाकीच्यांबरोबर तेही उतरलं असतं. याला कुठून तरी रोज नवीन पाणी मिळतंय.

पहिला संशय संडासाच्या संक स्लॅबवर (पाइपांसाठी खाली दाबलेला स्लॅब). पण संडास दुसऱ्या टोकाला, नं. २ च्या मागे, आणि नं. २ सगळ्यात कोरडा. मग वरच्या मजल्याचं सांडपाणी? पाइप त्या भिंतीत नाही. छताला डाग नाही. भिंतीला मात्र खालून फूटभर लोणा, रंगाचे पोपडे. आतून बघून एवढंच कळणार.

२८ सप्टेंबर, शनिवार

इमारतीला वळसा घालून मागे गेले. तीन आठवड्यांत हे आधी का केलं नाही, कोणास ठाऊक.

मागच्या भिंतीला लागून विटांचा कठडा बांधून फुलझाडांचा वाफा. मोगरा, जास्वंद, एक तुळस. मातीची पातळी आतल्या फरशीपेक्षा हातभर वर. प्लिंथ (इमारतीचं जोतं) कधीच मातीखाली गाडली गेली आहे. गच्चीचं पाणी आणणारा पाइप खाली चेंबरला जोडलेला नाही, वाफ्यातच सोडलाय. बुधवारचा अख्खा पाऊस या वाफ्याने प्यायला.

तेवढ्यात वॉचमन बादली घेऊन आला आणि मोगऱ्याच्या बुडाशी शांतपणे ओतली. दहा दिवस तो हेच करतोय. "मॅडम, स्वच्छ पाणी आहे, वाया कशाला घालवायचं? मोगरा बघा कसा आलाय."

मोगरा खरंच छान आला होता.

म्हणजे हॉलमधून काढलेलं पाणी भिंतीपलीकडे, फरशीहून उंच मातीत परत जात होतं. पावसाच्या मानाने वीस लिटर काहीच नाहीत, खरा गुन्हेगार तो पाइप आणि ती माती. पण "बाहेर ओत" हे मीच सांगितलं होतं. बाहेर म्हणजे कुठे, ते सांगितलं नव्हतं.

३ ऑक्टोबर, गुरुवार (घटस्थापना)

माती काढायचं काम सुरू. फरशीच्या पातळीपासून निदान १५० मिलीमीटर खाली जाईपर्यंत, भिंतीपासून दोन फूट रुंद. गच्चीचा पाइप वाढवून चेंबरपर्यंत नेला. मोगरा आणि जास्वंद कुंड्यांत, तुळस गेटजवळ. तुळस हलवायला दोन आज्या तयार नव्हत्या, ती नवरात्रानंतर हलवायची या अटीवर बाकीचं झालं. भिंत बाहेरून घासल्यावर विटांतून पाणी हाताला लागत होतं. प्लास्टर आताच करायचं नाही. आधी भिंतीला श्वास घेऊ दे.

१२ ऑक्टोबर, शनिवार (दसरा)

उद्घाटन झालं. नुसत्या काँक्रीटवर सतरंज्या टाकून सरस्वतीची पूजा, पुस्तकांना झेंडूची फुलं. चारही टोपणांभोवती कोणीतरी रांगोळी काढली होती. पाहुण्यांपैकी एकांनी विचारलं, ही कसली मीटरं? सेक्रेटरींनी त्यांना मिठाच्या बरणीचं पूर्ण उदाहरण समजावलं. माझ्यापेक्षा चांगलं.

१६ ऑक्टोबर, बुधवार

हवा: ५५ टक्के.
नं. १: ८४
नं. २: ८२
नं. ३: ९१
नं. ४: ८३

तिसरा अखेर हलला. सेक्रेटरींचं म्हणणं: अजून महिनाभर मशिन चालवलं की सगळे ८० खाली येतील, मग टाका. येतीलही. पण खाली प्लास्टिक नाही हे विसरून चालणार नाही. आज वरून सुटतंय म्हणून आकडा उतरतोय. झाकण बसलं की वरची वाट बंद, जमिनीतली वाफ येतच राहणार, आणि पुढच्या पावसाळ्यात आकडा परत चढणार. डिसेंबरातला ७८ बघून व्हायनल टाकणं म्हणजे घोडबंदर पुन्हा करणं.

पर्याय दोन दिले. एक, व्हायनलचा नाद सोडा आणि व्हिट्रीफाईड लादी बसवा, तिला ही ओल फारशी बाधत नाही; खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या लावा. दोन, एपॉक्सीचा ओलरोधक थर, दोन हात, मग सेल्फ लेव्हलिंग (आपोआप सपाट पसरणारा पातळ थर), मग व्हायनल. माझा कल लादीकडे होता, खर्च कमी आणि डोकेदुखी नाही. कमिटीने मुलांना विचारलं, हे मला आवडलं. मुलांना शांतता हवी होती. एपॉक्सी.

या एपॉक्सीच्या डब्यावर मर्यादा ९५ ची. म्हणून ९८ असताना हा पर्याय नव्हता, आज आहे.

२२ ते २५ ऑक्टोबर

ग्राइंडिंग: वरची साय (काँक्रीटवर आलेला कच्चा पातळ थर) पूर्ण काढली, नाहीतर एपॉक्सी सायीला धरतो आणि सायीसकट सुटतो. पहिला हात रोलरने, दुसऱ्या दिवशी आडवा दुसरा हात. भिंतीलगत स्कर्टिंगच्या उंचीएवढा वर चढवला, कडेला दोऱ्याएवढी फट राहिली तरी ओल तिथूनच येते. ओल्या दुसऱ्या हातावर कोरडी वाळू उधळली, म्हणजे सेल्फ लेव्हलिंगला पकड मिळेल. जास्तीची वाळू झाडताना बिगाऱ्यांनी मला मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल. नं. १, २, ४ ची भोकं एपॉक्सीने बुजवली. नं. ३ ची नळी ठेवली, भोवतीने एपॉक्सी नीट भरून. त्यावर पुस्तकांचं कपाट येणार आहे, खाली टोपण दिसणार नाही.

सेल्फ लेव्हलिंग तीन मिलीमीटर, शुक्रवारी. माणसं दिवाळीला गावी गेली.

६ नोव्हेंबर, बुधवार

व्हायनल टाकलं. रोल दोन दिवस आधी हॉलमध्ये उघडून ठेवले होते. जोड वेल्ड केले. संध्याकाळपर्यंत झालं.

खजिनदार काकूंनी डिह्युमिडिफायरच्या भाड्याचं बिल परत पाठवलं, "हे कोटेशनमध्ये नव्हतं" असं पेन्सिलीने लिहून. खरंच नव्हतं. अर्धं मी सोसलं.

१३ जुलै २०२५, रविवार

पाऊस चांगला लागलाय. फोन करून गेले. कपाट सरकवायला चार मुलं लागली, राज्यसेवेचे गठ्ठेच्या गठ्ठे. टोपण काढून प्रोब बसवला, मुलांबरोबर चहा घेतला, तासाभराने वाचला.

नं. ३: ९३.

पूर्ण हॉलभर हात फिरवत, टिचकी मारत फिरले. कुठे फुगा नाही, कडा बसलेल्या, वास नाही. मागे गेले. माती खालीच आहे, पाइप चेंबरला. भिंतीला टेकून मात्र मोगऱ्याच्या तीन कुंड्या परत आल्यात. कुंड्यांना हरकत नाही.